पानं उघडत नाहीत म्हणून फॉरमॅट मारण्याआधी

प्रश्न: मी गोव्यात डिचोली तालुक्यात राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. २०११ मध्ये घेतलेला डेस्कटॉप आहे. विंडोज ७, दोन जीबी रॅम. विजांच्या भीतीने पावसात दोन महिने प्लग काढून, झाकून ठेवला होता. चवथीच्या आधी चालू केला तर क्रोममध्ये एकही पान उघडत नाही. ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असं येतं. चालू करताना काळ्या पडद्यावर काही इंग्रजी ओळी येतात आणि एफ१ दाबायला सांगतात, ते दाबलं की पुढे जातो. त्याच वायफायवर फोन व्यवस्थित चालतो. दुकानात म्हणाले, फॉरमॅट मारूया, नाहीतर नवा घ्या. जत्रेसाठी लिहिलेली माझी सगळी नाटकं यातच आहेत. काय करावं?

उत्तर:

बाई, नमस्कार. आधी एक विनंती. हे उत्तर वाचून होईपर्यंत त्या संगणकाला कोणालाही फॉरमॅट मारू देऊ नका. म्हापशात पंचवीस वर्षं मी हेच काम करतो आहे, आणि तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून टाकलीत: ते एफ१.

संगणक चालू होताना एफ१ मागतो याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला आहे. संगणक बंद असतानाही आतलं घड्याळ चालू राहावं म्हणून तो असतो. प्लग लावलेला आणि भिंतीवरचं बटण चालू असलं, तर संगणक बंद असूनही मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर फारसा भार येत नाही. प्लग काढला की सगळा भार त्या सेलवर. तुम्ही विजांच्या भीतीने प्लग काढलात ते योग्यच केलंत, आपल्याकडे जून-जुलैत किती राउटर आणि लॅन पोर्ट जळतात ते मी दर वर्षी बघतो. पण १४-१५ वर्षांच्या सेलमध्ये जे काही उरलं होतं ते त्या दोन महिन्यांत संपलं. घड्याळ पुन्हा मदरबोर्ड बनला त्या सुमाराच्या तारखेला जाऊन बसलं.

आता पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली बघा. वेळ नको, तारीख बघा, आणि तारखेतलं वर्ष बघा. तिथे २०१० किंवा २०११ दिसलं तर तुमचा आजार सापडला.

घड्याळाचा आणि पानं उघडण्याचा संबंध काय, असं तुमच्या मनात येईल. आज जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळ एक प्रमाणपत्र दाखवतं: मी अमुक आहे, आणि हे प्रमाणपत्र या तारखेपासून त्या तारखेपर्यंत चालेल. ब्राउझर ते संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघतो. ही प्रमाणपत्रं फार कमी मुदतीची असतात. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था लाखो संकेतस्थळांना फुकट प्रमाणपत्रं देते, त्यांची नेहमीची मुदत ९० दिवस. तुमचा संगणक २०११ मध्ये उभा आहे. त्याच्या दृष्टीने ही सगळी प्रमाणपत्रं अजून जन्मालाच आलेली नाहीत, म्हणून तो प्रत्येक दार बंद करतो. ब्राउझर बिघडलेला नाही, तो त्याचं काम चोख करतो आहे. त्याला तारीख चुकीची मिळाली आहे, एवढंच. इशाऱ्याच्या पानावर खाली बारीक अक्षरात एक संकेत असतो. त्यात ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असे शब्द असतील तर दुसरं काही शोधायला नको. कधी क्रोम थेट ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ असंही सांगतो.

त्याच पानावर ‘तरीही पुढे जा’ असा एक मार्ग असतो, तो धरू नका. काही पानं त्या वाटेने उघडतील, पण बऱ्याच बँका किंवा गुगल अशी वाट देतच नाहीत, आणि इशारा डोळे झाकून ओलांडायची सवय लागली की खरा धोका येईल तेव्हाही बोट आपोआप तिकडेच जाईल.

आता घड्याळ लावूया. घड्याळावर क्लिक करा, ‘चेंज डेट अँड टाइम सेटिंग्ज’ उघडा, तारीख, महिना, वर्ष नीट भरा. टाइम झोनमध्ये मुंबई-कोलकाता लिहिलेली, साडेपाच तास पुढची ओळ असली पाहिजे. सकाळ-संध्याकाळची अदलाबदल झालेली नाही ना, तेही बघा. मग क्रोम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. बहुतेक पानं तिथल्या तिथे येतील.

‘इंटरनेटवरून वेळ आपोआप घे’ ही खूण आधीच लावलेली आहे, मग घड्याळ चुकलं कसं, असं मला बरेच जण विचारतात. घरच्या विंडोजमध्ये नेहमीच्या सेटिंगला एक मर्यादा आहे. फरक १५ तासांपेक्षा जास्त असला तर विंडोज आपणहून घड्याळ बदलत नाही. एवढा मोठा फरक संशयास्पद मानायचा, हा त्यामागचा विचार. म्हणून काही मिनिटं मागे पडलेलं घड्याळ आपोआप सुधारतं, आणि १४ वर्षं मागे गेलेलं तसंच राहतं. पहिल्यांदा ते हातानेच लावावं लागतं.

पण नुसती तारीख लावून थांबलात तर पुढच्या वेळी प्लग काढल्यावर पुन्हा तेच होईल. सेल बदलायलाच हवा. त्याचा नंबर सीआर २०३२. तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. कारच्या रिमोट किल्लीत बऱ्याचदा हाच असतो, त्यामुळे मनगटी घड्याळाच्या दुकानातही मिळतो, शंभर रुपयांच्या आत. चांगल्या कंपनीचा घ्या. खूप दिवस दुकानात पडून राहिलेला सेल पहिल्याच वर्षी दगा देतो.

हात लावायची हिंमत असेल तर तुम्ही स्वतः बदलू शकता, शेजारच्या कॉलेजच्या मुलालाही जमेल. प्लग काढा. चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. डब्याच्या मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा सरकतो. अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून आतल्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावा. मग टॉर्च मारा. हिरव्या नाहीतर निळ्या बोर्डावर ते चकचकीत नाणं लगेच दिसेल. त्याच्या कडेला एक बारीक पत्र्याची जीभ असते, ती नखाने किंवा लाकडी काडीने बाहेर ढकलली की नाणं उडी मारून वर येतं. अधिकची खूण वर ठेवून नवा सेल तिथे बसवा, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत.

आपल्या हवेत एक गोष्ट हमखास दिसते: त्या जिभेवर पांढरट किंवा हिरवट बुरा चढलेला असतो. पावसाळ्यातला दमटपणा आणि किनाऱ्याकडच्या गावांत खारं वारं. मोरजी, हरमल भागातून येणाऱ्या डब्यांत तो इतका असतो की नवा सेल घालूनही संपर्क होत नाही. सुका टूथब्रश घेऊन हलक्या हाताने साफ करा, नंतरच सेल बसवा. पाणी, तेल, अगरबत्तीची राख असलं काही लावू नका. आत मुंग्यांची वारुळं किंवा पालीची अंडी सापडली तर घाबरू नका. मऊ ब्रशने काढून टाका.

पत्रा परत लावण्याआधी एकदा चालू करून बघा. पहिल्या वेळी एफ१ पुन्हा मागेल, कारण आतलं घड्याळ अजून चुकीचंच आहे. यावेळी एफ१ दाबून पुढे न जाता डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा, तिथे तारीख-वेळ भरा, एफ१० दाबून जतन करा. बाकी कशालाही हात लावू नका. विशेषतः साटाच्या (हार्ड डिस्कच्या जोडणीच्या) पुढे जे काही लिहिलं असेल ते तसंच राहू द्या, ते बदललं तर विंडोज निळा पडदा दाखवून अडतं.

दुकानातल्या त्या सल्ल्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. काही वर्षांपूर्वी फोंड्याकडचे एक गृहस्थ माझ्याकडे असाच डबा घेऊन आले. भजनी मंडळासाठी सहा वर्षं बसून त्यांनी अभंग आणि गवळणी टाइप केल्या होत्या. गावातल्या जुन्या बुवांच्या वह्यांतून उतरवलेल्या. पानं उघडेनाशी झाली म्हणून एका दुकानात दिला, तिथे फॉरमॅट मारला. फॉरमॅट मारताना विंडोज तारीख विचारतं, ती बरोबर भरली गेली, पानं उघडू लागली, सगळ्यांना वाटलं काम झालं. पंधरा दिवसांनी लाईट दिवसभर गेली आणि पुन्हा तेच. फॉरमॅटने सेल भरत नाही. माझ्याकडे आला तेव्हा मी सेल बदलला, दहा मिनिटांचं काम. पण अभंग डेस्कटॉपवर ठेवलेले होते, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो. फॉरमॅटमध्ये तो पुसला जातो. मी फाइली परत मिळवायचा प्रयत्न केला. काही मिळाल्या, नावं गेलेली, अर्धे अभंग एका फाइलीत, अर्धे दुसरीत. ते गृहस्थ समोर खुर्चीवर बसून एकेक कडवं बघून ‘हे आमचं’, ‘हे नव्हे’ सांगत होते. तो दिवस मी विसरलेलो नाही.

म्हणून तारीख बरोबर होऊन पानं उघडली तरी, आणि न उघडली तरी, पुढचं काम नाटकं जपून ठेवण्याचं. दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवा. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप आणि डी ड्राइव्ह, तिन्ही ठिकाणी शोधा. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: फॉन्ट. २०११ च्या आसपास टाइप केलेलं बरंच मराठी श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतं. अशा फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात, त्यांना मराठी रूप तो फॉन्ट देतो. फाइल नव्या संगणकावर नेली आणि फॉन्ट मागे राहिला, तर सगळ्या नाटकाची गिचमिड दिसेल. सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या आत फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे, त्यातले तुम्ही वापरलेले फॉन्टही पेन ड्राइव्हवर घ्या. शिवाय प्रत्येक नाटकाची एक पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये अक्षरांचं रूप फाइलीतच राहतं. पुढे सवडीने नाटकं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा रूपात, बदलता येतील, त्यासाठी परिवर्तक मिळतात. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासावे लागतात.

तारीख बरोबर आहे आणि तरी काही पानं उघडत नाहीत, असं झालं तर दुसरं कारण ब्राउझरचं वय. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आली आणि तिने विंडोज ७ आणि ८ सोडून दिलं. त्यामुळे तुमचा क्रोम तिथेच थांबला आहे. तुमच्यासाठी मी फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरची ११५ ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी) आवृत्ती सुचवीन, ती विंडोज ७ वर चालते. त्यात ११५.१३ किंवा त्यापुढचीच घ्या. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं एक मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या भरवशावर बाकीची ग्राह्य धरली जातात असं) १४ मार्च २०२५ ला संपलं, त्यामुळे ११५.१३ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या जादा सोयी, बंद पडतात.

फायरफॉक्सचा दुसरा मोठा फायदा असा, की विश्वासाच्या मूळ प्रमाणपत्रांची यादी तो स्वतःबरोबर बाळगतो. तुमच्या विंडोजमधली यादी जुनी झालेली असू शकते. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जगभर जुन्या यंत्रांवर लेट्स एन्क्रिप्टची पानं अचानक बंद पडली. त्या आठवड्यात माझ्याकडे रांग लागली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच संगणकात व्हायरस शिरला. त्यातल्या बहुतेकांना फायरफॉक्स घालून दिला आणि ते सुरळीत झालं. इशाऱ्याच्या पानावर ‘डेट’ ऐवजी ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ असे शब्द आले तर हे कारण समजा. किंवा मग मुदत संपलेला अँटिव्हायरस. काही अँटिव्हायरस ब्राउझर आणि संकेतस्थळाच्या मध्ये उभे राहून सगळं तपासतात आणि स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतात. वर्गणी संपलेला, चार वर्षं न सुधारलेला अँटिव्हायरस कंट्रोल पॅनलमधून पूर्ण काढून टाका. नुसता बंद करून उपयोग नाही.

फायरफॉक्स उतरवायचा कसा, पानंच उघडत नाहीत तर? फोनवर उतरवा आणि केबलने संगणकात घ्या. मात्र पूर्ण इन्स्टॉलर घ्या. काही मेगाबाइटांची छोटी फाइल उतरवली तर ती बाकीचं सामान इंटरनेटवरूनच मागेल आणि पुन्हा अडेल. मोझिलाच्या अधिकृत पानावरूनच घ्या. आणि कॉम्प्युटर या चिन्हावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये विंडोज ३२ बिट की ६४ बिट ते आधी बघा, त्याप्रमाणे इन्स्टॉलर निवडा.

फोन त्याच वायफायवर चालतो म्हणालात. फोनचा मोबाइल डेटा बंद करून ते तपासलंत का? फोन फार शहाणा असतो, वायफाय अडलं की गुपचूप डेटावर जातो आणि आपल्याला कळतही नाही. दोन महिने संगणक बंद होता, तेवढ्यात रिचार्जही संपलेला असू शकतो. तसं असेल तर प्रत्येक पानाच्या जागी कंपनी स्वतःचं पैसे भरायचं पान दाखवायला बघते आणि ब्राउझर त्यावरही प्रमाणपत्राचीच तक्रार करतो. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल असेल तर बहुधा केबल तुटली आहे, मग संगणकात काहीही करून उपयोग नाही. माडाची झावळ पडून केबल तुटणं आपल्याकडे पावसात रोजचंच.

लाइन ठीक आहे की नाही हे खात्रीने बघायचं तर स्टार्टमध्ये सीएमडी लिहा, काळी खिडकी उघडेल, त्यात पिंग हा शब्द, मोकळी जागा आणि ८.८.८.८ इंग्रजी आकड्यांत टाइप करून एंटर मारा. ‘रिप्लाय फ्रॉम’ अशा ओळी आल्या तर लाइन चालू आहे. लाइन चालू असून पडद्यावर ‘सर्व्हर सापडला नाही’ किंवा ‘डीएनएस’ असे शब्द येत असतील, तर नावाचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर उत्तर देत नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे दोन आकडे भरले की बहुधा मिटतं. ‘प्रॉक्सी’ हा शब्द दिसला तर इंटरनेट ऑप्शन्समध्ये कनेक्शन्स, त्यात लॅन सेटिंग्ज, आणि तिथली प्रॉक्सीची खूण काढा. प्रॉक्सी म्हणजे इंटरनेटच्या वाटेवरचा मधला सर्व्हर, घरच्या संगणकाला तो लागत नाही. तुम्ही ती लावली नसेल तर कुठल्यातरी नको त्या प्रोग्रामने लावली आहे, तो शोधून काढायला हवा.

‘नवा घ्या’ या सल्ल्याबद्दलही प्रामाणिकपणे सांगतो. विंडोज ७ च्या सुरक्षा सुधारणा १४ जानेवारी २०२० ला थांबल्या. नाटक लिहिणं, छापणं, वर्तमानपत्र वाचणं यासाठी तुमचा डबा अजून चालेल. बँक, पेन्शनची कामं आणि आधारची कामं त्यावर करू नका, ती फोनवर करा. पैसे थोडे खर्च करायची तयारी असेल तर हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी (तिच्यापेक्षा वेगवान डिस्क) आणि रॅम चार जीबी, एवढ्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती नीट चालते. तिच्यावर ताजा फायरफॉक्स मिळतो, आणि इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-पद्धतीने मराठी टाइप करता येतं. प्रोसेसर ६४ बिट आहे ना, ते आधी बघा. जुनी हार्ड डिस्क पुसू नका. ती बाहेर काढून, नाव लिहून, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, नाटकांची तिसरी प्रत म्हणून.

घरात कोणाकडे विंडोज एक्सपीचा, विद्यार्थ्यांना संगणक देणाऱ्या सायबरएज योजनेच्या काळातला डबा असेल तर त्यावर मात्र मेहनत घेऊ नका. एक्सपीवर क्रोम ४९ ला थांबला आणि फायरफॉक्स ५२ ला. आजची कितीतरी पानं त्यात कोरी दिसतात आणि त्याला सोपा उपाय नाही. त्यातलं लिखाण काढून घ्या आणि त्याला इंटरनेटपासून दूर ठेवा.

पुढच्या पावसात प्लग जरूर काढा, पण आठवड्यातून दोनदा, आभाळ मोकळं असेल तेव्हा, अर्धा-पाऊण तास चालवा. आतल्या उबेने दमटपणा बसत नाही. प्लास्टिकने झाकू नका, आत घाम धरतो. सुती कापड टाका.

नवा सेल बसवल्यावर रात्री प्लग काढून ठेवा आणि सकाळी चालू करून तारीख बघा. तारीख बरोबर असेल आणि एफ१ आला नाही तर सेल नीट बसला. त्यानंतरही एखादं पान अडलं, तर इशाऱ्याच्या पानावरची बारीक अक्षरातली इंग्रजी ओळ वाचता येईल असा फोटो काढून मला पाठवा, सोबत उजव्या कोपऱ्यातली तारीखही दिसू द्या.